चाकाची पकड सुटल्यावर काय? ब्रेकचे मापदंड ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
रेल्वेवाहनांच्या ब्रेकचे मापदंड आणि निविदांच्या तांत्रिक अटी ठरवणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात एका निविदेची सुधारित प्रत माझ्या हाती आली. घाटात आणि पावसाळी मार्गांवर चालवायच्या, स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या देखभाल-वाहनांची ती निविदा होती. पहिल्या मसुद्यात ब्रेकच्या प्रकरणात एक ओळ होती : बोगीच्या, म्हणजे वाहनाखालच्या चाकांच्या चौकटीच्या, दोन चाकांच्या मध्ये विद्युतचुंबकी रूळ-ब्रेक (चाकाला न अडवता थेट रुळाला चिकटून वाहन अडवणारा चुंबक) असावा. सुधारित प्रतीत त्या ओळीवर आडवी रेघ आहे आणि समासात दोन शब्द, ‘आवश्यकता नाही’. सही आहे, हुद्दा आहे, तारीख आहे. कारण मात्र कुठेही नाही. त्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. प्रश्न एकाच टेबलावरचा असता, तर मी तिथेच अर्ज देऊन गप्प बसले असते. पण गेल्या दहा वर्षांत हीच रेघ मी तीन वेगवेगळ्या कागदांवर पाहिली आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

मी पुण्यात राहते. बावीस वर्षं रेल्वेवाहनांच्या ब्रेकची रचना करण्याचं काम करते आहे. हे काम माझ्याकडे घरातून आलं. माझे आजोबा नेरळ–माथेरान गाडीवर ब्रेकमन होते. १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी रुळांची गाडी सुमारे २१ किलोमीटरमध्ये डोंगर चढते, आणि चढ काही ठिकाणी २० फुटांना १ फूट असा आहे. उतरताना डब्यांवर बसलेल्या ब्रेकमननी इंजिनाची शिट्टी ऐकायची आणि हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. आजोबांच्या उजव्या तळहातावर अंगठ्याखाली एक जाड, पिवळट घट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायची, त्यांना काही जाणवायचं नाही. ‘पावसात गाडी आपलं ऐकत नाही, उताराचं ऐकते,’ असं ते म्हणायचे.

त्यांच्या त्या वाक्यातलं गणित मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते जेमतेम एका नाण्याएवढ्या जागेवर. कोरड्या रुळावर त्या जागेची पकड वजनाच्या २० ते ३० टक्के असते. रूळ ओला झाला की ती १० टक्क्यांच्या आसपास येते. ओली पानं, तेल, गंजाचा चिखल असेल तर ५ टक्के किंवा त्याहूनही कमी. आणि २० फुटांना १ फूट उतार म्हणजे गाडीच्या वजनाचे बरोबर ५ टक्के तिला खाली ओढत असतात. पकड आणि ओढ सारखीच झाली, तर कितीही जोर लावा, गाडी थांबत नाही. भोर घाटात आणि कसारा घाटात उतार ३७ फुटांना १ फूट आहे, म्हणजे ओढ २.७ टक्के. तिथे ५ टक्के पकडीतला अर्ध्याहून जास्त भाग नुसता उताराला तोलून धरण्यातच संपतो. गाडी थांबवायला उरतात २.३ टक्के.

आता मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. घाटातल्या एका ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून रूळ मोकळा ठेवलेल्या वेळेत, देखभाल-वाहनाच्या ब्रेकची चाचणी होती आणि मी चालकाच्या मागे उभी होते. पाऊस भुरभुर होता. लोकांना वाटतं मुसळधार पाऊस वाईट. खरं तर मुसळधार पावसात रूळ धुऊन निघतो. भुरभुर पावसात गंज, धूळ आणि पाणी यांचा लेप बसतो आणि तोच सगळ्यात घातक असतो. ठरलेल्या खुणेवर चालकाने हँडल इमर्जन्सीला टाकलं. हवेचा फुस्स आवाज आला. सिलिंडरच्या काट्यावर दाब पूर्ण दिसत होता. आणि वाहन चालतच राहिलं. खडखड थांबून एक लांब, बारीक घासण्याचा आवाज सुरू झाला. चाकं थांबली होती, वाहन थांबलं नव्हतं. ‘मॅडम, मी पूर्ण ब्रेक दिलाय,’ चालक पुढे बघतच म्हणाला. त्याचा हात हँडलवर होता आणि त्या हाताला करण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं. पुढे वळणाशी काम करणाऱ्या गँगमननी भोंगा ऐकला आणि ते बाजूला झाले. त्यांची एक पहार रुळालगत राहिली होती, तिच्या पुढे जाऊन आम्ही थांबलो. कोणाला खरचटलंही नाही.

पुढे त्या चालकाला मेमो मिळाला. ब्रेक उशिरा लावला, असं त्यात म्हटलं होतं. मी खाली वाकून चाकं पाहिली होती. चाकांवर चपट्या जागा पडल्या होत्या, एक तर माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. चाक फिरायचं थांबून रुळावर फरपटतं, तेव्हाच अशी जागा पडते. म्हणजे ब्रेक लागला होता आणि पुरेपूर लागला होता. रुळाने तो घेतला नाही. हे मी लिहून दिलं. त्या कागदाला पोचही मिळाली नाही.

माझी पहिली तक्रार हीच आहे. चाक घसरल्याच्या घटना चालकाच्या नावावर टाकून फाइल बंद होते. घसरण किती वेळा झाली, कोणत्या किलोमीटरला, कोणत्या हवामानात, चपट्या जागा किती लांबीच्या, याची एकत्र नोंद रचना करणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. प्रवासी डब्याच्या चाकावर ५० मिलिमीटरपेक्षा मोठी चपटी जागा चालत नाही, हा नियम आपल्याकडे आहे. ती जागा मोजली जाते, चाक लेथवर जातं, आणि ती का पडली हा प्रश्न लेथच्या किसाबरोबर झाडून टाकला जातो.

दुसरी तक्रार समजुतीच्या गोंधळाची. मला एकदा लेखी उत्तर आलं : ‘आमच्या गाड्यांना विद्युत ब्रेक आधीच आहे.’ उत्तर लिहिणाऱ्याने रीजनरेटिव्ह ब्रेकबद्दल लिहिलं होतं. त्यात मोटरच जनित्र होते आणि गाडीची गती विजेत बदलते. उत्तम व्यवस्था आहे. भोर आणि कसारा घाटांत विजेच्या इंजिनांनी ती शंभर वर्षांच्या जवळपास वापरली आहे. पण ती मोटर चाकालाच जोडलेली असते. चाक घसरलं की तीही गेली. डिस्क ब्रेकचं तेच, ब्रेक ब्लॉकचं तेच. जपानच्या शिंकान्सेनच्या १००, ३०० आणि ७०० या मालिकांत मोटर नसलेल्या डब्यांना एडी करंटचे डिस्क ब्रेक होते. एक्सलवरची तबकडी चुंबकांमधून फिरायची आणि तिच्यात उठणारे भोवरा-प्रवाह तिला अडवायचे. चुंबकी खरे, तरीही शेवटी चाकावरच भिस्त. अँटी-स्किडची यंत्रणा चाक पूर्ण थांबू देत नाही, असलेली पकड नीट वापरते. नसलेली पकड ती आणू शकत नाही. आणि ‘कवच’ ही स्वयंचलित सुरक्षा-यंत्रणा चालकाच्या आधी ब्रेक लावेल, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र त्याने लावलेला ब्रेकही त्याच नाण्याएवढ्या जागेतून रुळापर्यंत जाणार.

रूळ-ब्रेकचा मार्ग वेगळा आहे. दोन चाकांच्या मध्ये, रुळाच्या वर, साधारण हातभर ते मीटरभर लांबीचा विद्युतचुंबक टांगलेला असतो. ट्रामला तो रुळाच्या काही मिलिमीटर वर स्प्रिंगवर लटकतो. लांब पल्ल्याच्या गाडीत तो बोगीत वर ओढून ठेवतात आणि गरज पडली की हवेच्या सिलिंडरने खाली सोडतात. वीज दिली की तो स्वतःच्या ओढीने रुळाला चिकटतो आणि घासत जातो. चाकावर किती वजन आहे, चाक फिरतंय की फरपटतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय तो जाता जाता रूळ खरवडून साफ करतो, त्यामुळे मागून येणाऱ्या चाकांचीही पकड थोडी सुधारते. एका चुंबकाला साधारण कपड्यांच्या इस्त्रीएवढी वीज लागते आणि ती बॅटरीतून मिळते. वरच्या तारेतली वीज गेली तरी तो चालतो.

युरोपातल्या शहरांत ट्रामखाली हा ब्रेक शंभराहून जास्त वर्षं आहे. जर्मनीत ताशी १४० किलोमीटरपेक्षा वेगाने जाणाऱ्या गाड्यांना चाकाच्या पकडीवर न विसंबणारा असा ब्रेक नियमानेच लागतो. तिथल्या आयसीई ३ गाड्यांनी तर रुळाला न टेकणारा प्रकार घेतला. चुंबक रुळाच्या काही मिलिमीटर वर राहतो आणि रुळातच भोवरा-प्रवाह उठवतो. २००२ साली सुरू झालेल्या कोलोन–फ्रँकफर्ट मार्गावर, जिथे २५ ला १ असे उतार आहेत, तो रोजच्या वापरात आहे. त्यात झीज नाही, पण रूळ तापतो आणि वेग कमी झाला की जोर ओसरतो. आपल्या घाटातल्या ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगाला तो उपयोगाचा नाही. आपल्याला हवा तो रुळाला चिकटणारा, जुना, खरखरीत प्रकार.

फरक किती पडेल? ४० टनांचं वाहन, ३७ ला १ उतार, वेग ताशी ४० किलोमीटर, असं धरून मी हिशेब केला आहे. ब्रेक लागू होईपर्यंतचा वेळ यात धरलेला नाही. कोरड्या रुळावर नेहमीच्या ब्रेकने वाहन सुमारे ८५ मीटरमध्ये थांबतं. पकड ५ टक्क्यांवर आली की तेच अंतर सुमारे २७५ मीटर होतं. आता वाहनाच्या बोग्यांत मिळून, प्रत्येकी ६ टनांच्या ओढीचे चार चुंबक बसवा. ओल्या रुळावर त्यांचंही घर्षण घटेल, म्हणून ते फक्त ७ टक्के धरा. अंतर येतं साधारण ९७ मीटर. हा कागदावरचा हिशेब आहे, हे मला ठाऊक आहे. पण २७५ आणि ९७ यांच्यामध्ये त्या दिवशी गँगमनची एक अख्खी तुकडी उभी होती.

तिसरी तक्रार चाचणीच्या पद्धतीची. ब्रेकची स्वीकृती-चाचणी मी जिथे जिथे पाहिली, तिथे ती सपाटीवर, कोरड्या रुळावर, बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये झाली. अँटी-स्किडच्या चाचणीसाठी रुळावर साबणाचं पाणी फवारण्याची पद्धत जगभर आहे. पिंप, नळी आणि साबण एवढंच साहित्य लागतं. वर्षातले चार महिने पावसात भिजणाऱ्या मार्गासाठी घेतलेलं वाहन ओल्या रुळावर एकदाही न थांबवता ताब्यात घेतलं जातं, हे मला आजही पटत नाही.

चौथी, किमतीची. सगळ्यात कमी दराची निविदा निवडायची, तर चुंबक नसलेलं वाहन नेहमीच स्वस्त पडणार. अटीत ओळ नसेल, तर कोणताही कारखानदार स्वतःच्या खिशातून चुंबक बसवणार नाही. त्याला दोष कसा देऊ? ओळ तुम्ही खोडली आहे.

आता तुमच्या हरकतींकडे येते, कारण त्यांत तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. चुंबकाचं क्षेत्र अॅक्सल काउंटरला आणि ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळावर गाडी आहे की नाही हे सिग्नलला कळवणाऱ्या यंत्रणांना, त्रास देऊ शकतं. हे खरं आहे आणि म्हणूनच तपासायला हवं. सिग्नल विभाग म्हणतो, यांत्रिकीने आधी वाहन आणावं. यांत्रिकी विभाग म्हणतो, सिग्नलने आधी ना-हरकत द्यावी. या दोन दारांमध्ये माझा नमुना-चुंबक तीन वर्षं एका लाकडी खोक्यात पडून आहे. पॉइंट-क्रॉसिंगवर, म्हणजे रूळ फुटतात किंवा एकमेकांना छेदतात तिथे, रूळ तुटक असतो, तिथे चुंबकाची टोकं अडकू नयेत म्हणून त्यांना बाक द्यावा लागतो. चुंबकाच्या तळाला लोखंडाचे कण वितळून चिकटतात, ते छिन्नीने काढावे लागतात, नाहीतर फट पडते आणि ओढ कोसळते. थांबायच्या बेताला घर्षण वाढून हिसका बसतो, म्हणून वेग उतरला की वीज तोडावी लागते. आपले रूळ कुठे मीटरला ५२ किलोचे, माथा ६७ मिलिमीटर रुंद, तर कुठे ६० किलोचे, माथा ७२ मिलिमीटर. झिजलेल्या माथ्यावर सलग, ताठ चुंबक नीट बसत नाही.

या शेवटच्या अडचणीपाशी मी स्वतः दोन वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा थांबते. चुंबकाची ओढ क्षेत्राच्या वर्गाने वाढते. १ टेस्लाला (टेस्ला हे त्या क्षेत्राचं माप) दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४ किलो, दीड टेस्लाला ९ किलो. म्हणजे क्षेत्र दीडपट, ओढ सव्वादोनपट. आणि याच्याच उलट, रूळ आणि ध्रुव यांच्यात कागदाच्या घडीएवढी फट राहिली तरी ओढ भराभर घटते. यावर उपाय जुनाच आहे, चुंबक एकसंध न ठेवता गाळ्यांचा करायचा. लांब कॉइल एकच, पण तिच्यातले लोखंडी गाळे सुटे. प्रत्येक गाळा थोडा वरखाली होतो आणि झिजलेल्या माथ्यावर स्वतंत्रपणे टेकतो. आम्ही असा नमुना केला. पिठाच्या गिरणीएवढ्या जागेत रुळाचा जुना तुकडा टाकून, त्यावर नळ सोडून, काट्याने ओढ मोजली. जुन्या रुळावर ताठ चुंबकापेक्षा गाळ्यांचा चुंबक दर वेळी सरस ठरला. पण टेबलावरचा चुंबक जागच्या जागी ओढतो. खरं कळायचं तर तो धावत्या वाहनाखाली, घाटात, पावसात घासला पाहिजे. ती परवानगी फक्त तुम्ही देऊ शकता.

कोकणाचं थोडक्यात सांगते. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली आंबवली पुलापाशी दरडींमुळे जे रेल्वे अपघात घडले, ते चुंबकी ब्रेकने टळले असते असा दावा मी करणार नाही. त्यानंतर पावसाळ्यात वेग उतरवणं, गस्त वाढवणं, डोंगराला जाळ्या लावणं हे सगळं योग्यच झालं. पण समोर दिसलेल्या दगडापर्यंतचं अंतर जेवढं असतं, तेवढंच असतं. त्यातले मीटर वाचवणारं साधन जगात असताना ते आपल्या देखभाल-वाहनांखाली घालून पाहू नये, हे मला सहन होत नाही.

माथेरानच्या गाडीच्या बाबतीत रेल्वेने ब्रेक बदलण्याचं काम एकदा केलेलं आहे. २०१६ सालच्या मे महिन्यात डबे घसरले, गाडी बंद झाली, आणि डब्यांना हवेचे ब्रेक बसवल्यावरच ती टप्प्याटप्प्याने, २०१७ साली माथेरानच्या टोकाला आणि २०१८ साली नेरळपासून, पुन्हा धावली. आजोबा तोवर नव्हते. असते तर पहिल्या गाडीला नेरळला जाऊन उभे राहिले असते.

माझ्या मागण्या या आहेत.

खोडलेली ओळ परत घ्या, निदान घाटातल्या आणि पावसाळी मार्गांवरच्या देखभाल-वाहनांसाठी. सगळ्या प्रवासी गाड्यांना उद्या चुंबक लावा असं मी म्हणत नाही. ही वाहनं कमी आहेत, हलकी आहेत, आणि त्यांच्याच पुढेमागे माणसं रुळावर काम करत असतात.

एक वाहन आणि एक पूर्ण पावसाळा द्या. जून ते सप्टेंबर, एकाच घाटात. सिग्नल आणि यांत्रिकी या दोन्ही विभागांचे अभियंते पहिल्या दिवसापासून एकत्र असावेत, म्हणजे अॅक्सल काउंटरचा प्रश्न पत्रव्यवहारात न सुटता रुळावर सुटेल. निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी तो जाहीर करा.

ओल्या रुळावरची ब्रेक-चाचणी स्वीकृतीची अट करा. याला चुंबकाचीही गरज नाही, हे उद्यापासून होऊ शकतं.

चाक घसरल्याच्या प्रत्येक घटनेत चालकाला मेमो देण्याआधी चाकाची तपासणी करा आणि चपट्या जागांचं माप त्या कागदाला जोडा. ज्या चालकाच्या मागे मी उभी होते, त्याच्या सेवापुस्तकातला तो शेरा फेरतपासणीला घ्या. साक्ष द्यायला मी येईन.

आणि नकारच द्यायचा असेल, तर कारण लिहा. ‘आवश्यकता नाही’ याला उत्तर देता येत नाही. ‘अमुक सिग्नलला अमुक अंतरावर त्रास होतो’ याला देता येतं, आणि आमच्यासारखे लोक ते शोधण्यासाठीच बसले आहेत.

नमुना-चुंबक त्या खोक्यात तयार आहे. गेल्या आठवड्यात मी झाकण काढून कॉइलचा रोध मोजला, बरोबर आहे. बॅटरी आणि जोडणीची चौकट दोन आठवड्यांत होईल. कर्जतला कोणत्या तारखेच्या ब्लॉकसाठी घेऊन येऊ, तेवढं कळवा.

आपली,
ब्रेकची रचना करणारी एक अभियंता
पुणे